लोकप्रतिनिधींना लिहून काम होते का? शाळेसमोरच्या पदपथाच्या निमित्ताने

तुमच्या पत्रातील परिस्थिती अशी आहे. महापालिकेच्या हद्दीत अलीकडे समाविष्ट झालेल्या तुमच्या भागात शाळेसमोरच्या रस्त्याला पदपथ नाही, आणि सकाळी साडेसातला शाळेत जाणारी मुले व खडी वाहणारे डंपर एकाच अरुंद रस्त्यावरून जातात. गेल्या ९ महिन्यांत तुम्ही नगरसेवक, आमदार आणि खासदार या तिघांनाही व्हॉट्सअॅपवर छायाचित्रे पाठवली, समाजमाध्यमांवर त्यांचा उल्लेख करून लिहिले, ४०० सह्यांचे निवेदन दिले, आणि तरीही कोणाकडूनही उत्तर आले नाही. लोकप्रतिनिधींना लिहिण्याचा खरोखर काही उपयोग होतो का, की आंदोलन आणि न्यायालय एवढेच मार्ग उरतात, असे तुम्ही विचारले आहे. एखाद्या प्रस्तावित कायद्याबद्दल सामान्य माणसाने मत कळवण्यात अर्थ आहे का, हा तुमचा दुसरा प्रश्न आहे.

नागरी प्रश्नांवर २२ वर्षे काम केल्यानंतर मी खात्रीने सांगते की उपयोग होतो. मात्र लोकप्रतिनिधी स्वतः पदपथ बांधत नाही. पदपथ महापालिकेचे खाते बांधते, आणि त्यासाठी कनिष्ठ अभियंत्याच्या टेबलावर एक नस्ती, म्हणजे फाइल, सुरू व्हावी लागते, तिच्यात अंदाजपत्रकीय तरतुदीचा उल्लेख यावा लागतो, तांत्रिक आणि प्रशासकीय मान्यता मिळावी लागते, निविदा निघावी लागते आणि कार्यादेश, म्हणजे काम सुरू करण्याचा लेखी आदेश, द्यावा लागतो. या साखळीत प्रतिनिधीला जे करता येते ते मोजके असते, पण त्याच्याशिवाय दुसऱ्या कोणाला ते सहजासहजी करता येत नाही: तो तरतूद सुचवू शकतो, अधिकाऱ्याला लेखी विचारणा करू शकतो, सभागृहात प्रश्न मांडू शकतो, स्वतःच्या निधीतून कामाची शिफारस करू शकतो आणि सगळ्यांना एका टेबलाभोवती बसवू शकतो. तुमच्या निवेदनात ‘त्वरित योग्य ती कार्यवाही करावी’ असे लिहिलेले आहे. या पाचपैकी नेमके कोणते काम त्याने करावे, हे त्यात कुठेच नाही. ४०० सह्या गोळा करण्याचे कष्ट मला माहीत आहेत. म्हणूनच ते कष्ट वाया जाऊ नयेत असे मला मनापासून वाटते.

पहिले काम म्हणजे रस्ता कोणाचा आहे ते शोधणे. समाविष्ट गावांमध्ये हाच प्रश्न सर्वांत अवघड असतो, कारण तोच रस्ता काल जिल्हा परिषदेचा किंवा सार्वजनिक बांधकाम विभागाचा असू शकतो आणि तो महापालिकेकडे हस्तांतरित झाल्याचा कागद कुठेतरी अडकलेला असू शकतो. विकास आराखड्यात रस्ता रुंद दाखवलेला असतो, पण कडेची जागा खासगी मालकांकडून ताब्यात घेतलेली नसते. अशा ठिकाणी पदपथाची मागणी कितीही रास्त असली तरी अभियंता पुढे जाऊ शकत नाही, आणि तो हे तुम्हाला स्वतःहून सांगतही नाही. अनेक महापालिकांत लहान रस्ते क्षेत्रीय कार्यालयाकडे आणि मोठे रस्ते मुख्य पथ विभागाकडे असतात. ही माहिती हाती आली की कोणत्या प्रतिनिधीला काय लिहायचे, याचे निम्मे उत्तर आपोआप मिळते: जागा ताब्यात नसेल तर भूसंपादनाची मागणी करायची, हस्तांतर रखडले असेल तर दोन खात्यांची संयुक्त बैठक मागायची, आणि दोन्ही झालेले असेल तर केवळ तरतूद मागायची.

ही माहिती मिळवण्यासाठी आधी कनिष्ठ अभियंत्याला भेटा. शांतपणे विचारले तर बहुतेक अभियंते सांगतात, कारण नस्ती अडल्याचा त्रास त्यांनाही असतो. तेथे काम झाले नाही तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली अर्ज करा. महाराष्ट्रात त्याचे शुल्क १० रुपये आहे, अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, आणि जन माहिती अधिकाऱ्याने ३० दिवसांत माहिती द्यावयाची असते. ती न मिळाल्यास त्याच कार्यालयातील वरिष्ठाकडे प्रथम अपील करता येते. नवखे अर्जदार ‘पदपथ का बांधला नाही’ किंवा ‘कधी बांधणार’ असे विचारतात. त्यावर ‘माहिती उपलब्ध नाही’ हे उत्तर कायद्यात बसते, कारण कायदा अस्तित्वात असलेले अभिलेख देतो, अधिकाऱ्याचे मत किंवा स्पष्टीकरण देत नाही. त्याऐवजी मागील तीन आर्थिक वर्षांत या रस्त्यासाठी कोणत्या लेखाशीर्षाखाली (अंदाजपत्रकातील खर्चाच्या शीर्षकाखाली) किती तरतूद होती, किती खर्च झाला आणि तरतूद दुसऱ्या कामाकडे वळवली असल्यास त्या वर्गीकरणाच्या ठरावाची प्रत, एवढेच मागा. मी पाहिलेल्या कितीतरी प्रकरणांत पैसे मंजूर झालेले होते आणि मार्चच्या तोंडावर ते वर्गीकरणाने दुसरीकडे गेले होते. असा ठराव हातात असलेला नागरिक प्रतिनिधीसमोर बसतो तेव्हा संभाषणाचा सूर पूर्ण बदलतो. तक्रार करण्याऐवजी तुम्ही त्याला त्याच्याच प्रभागाचा गेलेला पैसा दाखवत असता.

आता पत्राविषयी. पत्र एका पानाचे, मराठीत आणि छापील असावे. पहिल्या दोन वाक्यांत ठिकाण आणि मागणी यावी, दुसऱ्या परिच्छेदात पुरावा यावा आणि शेवटी तुम्ही कोण आहात ते यावे. तुमच्या बाबतीत मी असे लिहीन: ‘अमुक चौक ते अमुक शाळा या सुमारे ३५० मीटर रस्त्यावर पदपथ नाही. येत्या अंदाजपत्रकात या कामासाठी स्वतंत्र तरतूद व्हावी, असे पत्र आपण महापालिका आयुक्तांना द्यावे आणि त्याची प्रत आम्हाला मिळावी, ही विनंती.’ यातील शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. मागितलेली गोष्ट एका दिवसात, एका सहीने होण्यासारखी आहे आणि ती झाली की नाही हे तुम्हाला तपासता येते. आयुक्तांना द्यावयाच्या पत्राचा मसुदाही सोबत जोडा. प्रतिनिधीच्या कार्यालयात दिवसाला ढीगभर कागद येतात, स्वीय सहायक एक किंवा दोनच असतात, आणि तयार मसुदा असलेले पत्र त्याच दिवशी लेटरहेडवर छापून सहीला जाते, हे मी अनेकदा डोळ्यांनी पाहिले आहे.

पुरावा म्हणून छायाचित्रांपेक्षा मोजणी अधिक वजनाची ठरते. तीन पालकांनी तीन दिवस सकाळी ७ ते ८ या वेळेत उभे राहून किती मुले पायी गेली आणि किती अवजड वाहने गेली, हे वहीत लिहावे, आणि तो तक्ता तारीख, वेळ व मोजणाऱ्यांच्या सह्यांसह पत्राला जोडावा. महापालिकेकडे बहुधा अशी मोजणी नसते, त्यामुळे तुमचाच आकडा पुढे टिपणीत उतरतो.

सह्यांच्या बाबतीत माझे मत थोडे वेगळे आहे. एका कागदावरच्या ४०० सह्या कार्यालयात एक कागद म्हणून नोंदल्या जातात. त्याऐवजी ४० पालकांनी आपापल्या शब्दांत चार-चार ओळींची पत्रे दिली तर ती ४० नोंदी होतात. प्रत्येकाने पूर्ण पत्ता आणि प्रभाग क्रमांक लिहावा, जमल्यास मतदार यादीचा भाग क्रमांकही लिहावा, कारण हा माणूस आपल्या मतदारसंघातला आहे का, हे कार्यालयात सर्वांत आधी पाहिले जाते आणि त्यात गैर काही नाही. ‘पुढच्या वेळी मत देणार नाही’ असे मात्र लिहू नये. ते न लिहिताही कळते, आणि लिहिले की तुम्हाला विरोधकांचा माणूस समजून पत्र बाजूला पडते.

पोच घेतल्याशिवाय कोणताही कागद कोठेही देऊ नका. हा धडा मला महागात मिळाला. सुरुवातीच्या काळात आम्ही एका प्रतिनिधीच्या कार्यालयात पाण्याच्या प्रश्नावर मोठे निवेदन दिले, छायाचित्र काढले, चहा घेतला आणि समाधानाने परत आलो. पाच महिन्यांनी विचारायला गेलो तेव्हा असे निवेदन आल्याची नोंदच नव्हती. ते आवक नोंदवहीत चढलेच नव्हते. तेव्हापासून मी प्रत्येक पत्राच्या दोन प्रती नेते आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घेते. सरकारी कार्यालयात कागद साहेबांच्या हातात देण्याचा मोह होतो, पण तो बारनिशीत, म्हणजे आवक-जावक विभागात, द्यावा, कारण तेथून त्याला क्रमांक मिळतो आणि पुढे कोणत्या टेबलावर गेला हे त्या क्रमांकावरून विचारता येते. व्हॉट्सअॅपच्या संदेशाला असा क्रमांक नसतो. फुटलेली जलवाहिनी किंवा उघडे पडलेले चेंबर यांसारख्या तातडीच्या गोष्टींसाठी तो संदेश उत्तम आहे, परंतु ज्या कामाला तरतूद लागते त्या कामासाठी तो पुरत नाही.

यानंतर वेळेचा प्रश्न येतो. तुम्ही निवेदन एप्रिलमध्ये दिले, म्हणजे अंदाजपत्रक नुकतेच मंजूर झाले असताना. महापालिका आयुक्तांचे अंदाजपत्रक साधारण जानेवारी-फेब्रुवारीत नगरसेवकांच्या स्थायी समितीपुढे येते, आणि त्यासाठी खात्यांकडून मागण्या गोळा करण्याचे काम दिवाळीच्या आसपास सुरू झालेले असते. म्हणून अशा मागणीचे पत्र सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पोहोचले पाहिजे, अभियंत्याच्या प्रस्तावात ते काम नोव्हेंबरपर्यंत दिसले पाहिजे, आणि स्थायी समितीत चर्चा सुरू असताना नगरसेवकाला आठवण करून दिली पाहिजे. पुणे महापालिकेने २००६-०७ पासून नागरिकांनी सुचवलेली कामे अंदाजपत्रकात घेण्याची पद्धत सुरू केली. तेथे क्षेत्रीय कार्यालयात अर्ज भरून प्रत्येकी ५ लाख रुपयांपर्यंतचे काम सुचवता येते. एवढ्या रकमेत लांब पदपथ होणार नाही, पण शाळेच्या फाटकासमोर रस्ता ओलांडण्यासाठी उंचवट्याचा पट्टा, दिवे आणि फलक नक्की होतील. तुमच्या महापालिकेत अशी सोय आहे का, हे क्षेत्रीय कार्यालयात विचारा. नसल्यास ती सुरू करावी, ही मागणीसुद्धा नगरसेवकाकडे करण्याजोगी आहे.

नगरसेवकांकडून काही होत नाही, असे अनेकजण म्हणतात. महाराष्ट्रातील अनेक महापालिकांमध्ये २०२२ नंतर निवडणुका रखडल्या आणि प्रशासकांच्या हाती कारभार गेला. मुंबई आणि पुणे येथे तर मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ नगरसेवकच नव्हते. त्या काळात काम करताना नगरसेवक नसणे म्हणजे काय, हे आम्हाला पदोपदी जाणवले. अधिकारी सभ्यपणे ऐकून घेत, पण कोणता प्रश्न आधी घ्यायचा हे ठरवताना वस्तीचा आवाज त्या खोलीत नसे.

आमदाराकडे जाताना दोन गोष्टींचा विचार करा. एक म्हणजे स्थानिक विकास निधी. राज्यात आमदाराला त्यासाठी वर्षाला ५ कोटी रुपये असतात, परंतु तो केवळ काम सुचवतो. मंजुरी जिल्हाधिकारी स्तरावर होते आणि काम अंमलबजावणी यंत्रणा करते. महापालिकेच्या रस्त्यासाठी हा निधी मागताना महापालिकेचे ना-हरकत पत्र आणि खर्चाचा अंदाज आधी मिळवावा, नाहीतर शिफारस होऊनही काम वर्षभर पडून राहते.

दुसरी गोष्ट विधिमंडळाची, आणि माझ्या मते तेच साधन लोक सर्वांत कमी वापरतात. मुंबईत अर्थसंकल्पी आणि पावसाळी अधिवेशन होते, नागपुरात हिवाळी अधिवेशन होते. तारांकित प्रश्न (सभागृहात तोंडी उत्तराचा), अतारांकित प्रश्न (लेखी उत्तराचा), लक्षवेधी सूचना आणि औचित्याचा मुद्दा ही साधने आमदारांना उपलब्ध असतात. प्रश्नांच्या सूचना अधिवेशनाच्या कित्येक आठवडे आधी द्याव्या लागतात. आम्ही एकदा नाल्याच्या संरक्षक भिंतीचा विषय अधिवेशन सुरू झाल्यावर आमदारांकडे नेला आणि त्यांनी खेदाने वहीत लिहून घेण्यापलीकडे काहीही करता आले नाही. पुढच्या अधिवेशनाच्या दोन महिने आधी आम्ही माहिती अधिकारात मिळालेली कागदपत्रे आणि तीन ओळींचा प्रश्न तयार करून दिला. प्रश्न स्वीकारला गेला, आणि त्याचे उत्तर सभागृहात येण्याच्या आधीच उपअभियंत्यांचा मला दूरध्वनी आला की भिंतीची सद्यःस्थिती काय आहे ते पाहायला आम्ही उद्या येत आहोत. असे घडते, कारण प्रश्न स्वीकारला की तो विभागाकडे जातो, विभाग महापालिकेकडे माहिती मागतो, महापालिका खात्याकडे मागते, आणि मंत्र्याच्या सहीने जाणाऱ्या उत्तरात ‘काहीच केलेले नाही’ असे लिहिण्याची कोणाचीही तयारी नसते. उत्तरात मंत्र्यांनी आश्वासन दिले तर ते पुढे विधिमंडळाच्या आश्वासन समितीच्या देखरेखीखाली येते, त्यामुळे उत्तराची प्रत जपून ठेवावी.

तुमचा विषय शाळेचा आहे, म्हणून आणखी एक वाट सुचवते. विधान परिषदेच्या ७८ सदस्यांपैकी ७ शिक्षक मतदारसंघांतून निवडून येतात. माध्यमिक आणि त्यावरील स्तराचे शिक्षक त्यांचे मतदार असतात. मुख्याध्यापकांनी शिक्षकांच्या सह्यांचे पत्र आपल्या विभागाच्या शिक्षक आमदारांना दिले, तर तोच प्रश्न दुसऱ्या सभागृहातही येऊ शकतो. खासदारांची भूमिका तुमच्या प्रश्नात मर्यादित आहे. रस्ता राष्ट्रीय महामार्गाला मिळत असेल किंवा वाटेत रेल्वेचे फाटक अथवा भुयारी मार्ग असेल, तर त्यांना जरूर लिहा. अन्यथा तुमची शक्ती तिकडे खर्च करू नका.

प्रत्यक्ष भेट घ्याच. सकाळच्या जनता दरबाराच्या गर्दीत जाण्याऐवजी स्वीय सहायकाकडून १० मिनिटांची वेळ मागा, चारजण जा, त्यात एक मुख्याध्यापक आणि दोन माता असाव्यात, बोलणारी व्यक्ती एकच असावी आणि मागणीही एकच असावी. पाणी, कचरा, भटकी कुत्री असे विषय ओघात निघतात. ते त्या दिवशी काढू नका, कारण प्रतिनिधी त्यातला सर्वांत सोपा विषय उचलतो आणि भेट यशस्वी झाली असे सर्वांनाच वाटते. भेटीनंतर त्याच दिवशी ‘आज आपण अमुक तारखेपर्यंत आयुक्तांना पत्र देण्याचे मान्य केले, त्याबद्दल आभारी आहोत’ असे दोन ओळींचे पत्र कार्यालयात द्या आणि पोच घ्या. १५ दिवसांनी विचारा, मग पुन्हा १५ दिवसांनी विचारा. काम झाल्यावर श्रेय मोकळ्या मनाने द्या. फलकावर कोणाचे छायाचित्र लागते याने मुलांच्या सुरक्षिततेत फरक पडत नाही, आणि ज्याला श्रेय मिळाले तो पुढच्या वेळी तुमचे पत्र आधी उघडतो. सत्ताधारी आणि विरोधी अशा दोघांनाही एकच मजकूर द्या आणि दोघांनाही ते सांगा. मात्र एकाला दुसऱ्याविरुद्ध भडकवण्याच्या फंदात पडू नका, त्यातून बैठका वाढतात आणि रस्ता तसाच राहतो.

प्रस्तावित कायद्यांविषयीच्या तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही याच दिशेने जाते. एखादे विधेयक दोन्ही सभागृहांच्या सदस्यांच्या संयुक्त समितीकडे गेले किंवा एखाद्या आराखड्यावर हरकती व सूचना मागवल्या गेल्या की मत कळवण्याची अधिकृत खिडकी उघडते, आणि ती ठरावीक दिवसच उघडी असते. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक डिसेंबर २०२४ मध्ये संयुक्त समितीकडे गेले तेव्हा तिच्याकडे १२ हजारांहून अधिक सूचना आल्या. विधेयक मागे घ्यावे ही अनेकांची मागणी मान्य झाली नाही आणि जुलै २०२५ मध्ये ते संमत झाले, परंतु सल्लागार मंडळाची रचना आणि तपास अधिकाऱ्याचा दर्जा यांसारख्या मुद्द्यांवर मूळ मसुदा बदलला. विधेयकाबद्दल तुमचे मत काहीही असो, कलमाचा क्रमांक घेऊन ‘या शब्दांऐवजी हे शब्द असावेत’ असे लिहिलेली सूचना समितीला स्वीकारता येते, तर ‘आमचा विरोध आहे’ एवढेच लिहिलेली सूचना केवळ मोजता येते. मुंबईच्या विकास आराखड्याचा २०१५ मधला मसुदा याहून ठळक उदाहरण आहे. नागरिकांनी भूखंडागणिक चुका दाखवल्या, पुरातन वास्तू आणि अस्तित्वात असलेल्या सुविधा नकाशात कशा चुकीच्या दाखवल्या आहेत ते कागदावर मांडले, सर्व पक्षांच्या प्रतिनिधींना ते उचलावे लागले, आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी मसुदा नव्याने करण्याचा आदेश दिला.

आंदोलन आणि न्यायालय हे मार्ग मी नाकारत नाही. परंतु दोन्हीकडे पहिला प्रश्न हाच विचारला जातो की तुम्ही संबंधितांकडे आधी काय मागितले आणि त्यांनी काय उत्तर दिले. पोच घेतलेल्या पत्रांची फाइल तेथेही लागते. दरम्यान महिन्याच्या पहिल्या सोमवारच्या लोकशाही दिनाचाही उपयोग करा. त्यासाठी विहित नमुन्यातील अर्ज १५ दिवस आधी द्यावा लागतो, आणि तेथे संबंधित खात्याला वरिष्ठांसमोर उत्तर द्यावे लागते.

या महिन्यात तुम्ही तीन दिवसांची मोजणी आणि माहिती अधिकाराचा अर्ज एवढेच करा. पत्र त्या कागदांच्या आधारावर लिहू. आणि एक गोष्ट आतापासूनच मागणीत घाला. रस्त्यांचे तांत्रिक निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पदपथावर चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी आणि कडेची उंची १५० मिलिमीटरपेक्षा अधिक नसावी. हे आकडे पत्रात असले तर ते अंदाजपत्रकात आणि निविदेत उतरतात. नसले तर दीड-दोन फूट रुंदीची उंच पट्टी बांधून काम पूर्ण झाल्याचे दाखवले जाते, त्यावर विजेचा खांब उभा राहतो आणि मुले पुन्हा रस्त्यावरूनच चालतात. कार्यादेशाची प्रत मागून घ्या, आणि काम सुरू होईल त्या सकाळी मोजपट्टी घेऊन तेथे दोन पालक उभे राहतील अशी व्यवस्था करा.